केसांची निगा : फवारणीचे औषध डोक्याला नको

बोअरच्या जड पाण्याने डोके धुताना आपण पुष्कळदा कपड्याचा साबण वापरतो. पाण्यातील क्षार साबणाशी मिळून केसांवर चिकट थर धरतात, केस राठ होतात. त्यापेक्षा शिकेकाई बरी. ओला केस ताणाने लवकर तुटतो, तेव्हा तो जरा सुकू द्यावा.

मात्र सर्वांत घातक सवय म्हणजे उवांसाठी पिकावरचे कीटकनाशक डोक्याला चोळणे. ते टाळूतून रक्तात भिनते आणि लहान मुलांच्या तर जिवावर बेतते. रॉकेलही नको. तेल लावून बारीक दातांच्या फणीने विंचरावे. लिखांतून ७ ते १० दिवसांत पिल्ले निघतात, म्हणून दर ३-४ दिवसांनी, निदान २ आठवडे, घरातील सर्वांचीच डोकी तपासावीत.