अल्युमिनियमचें जोडकाम व यंत्राची निवड

शाळा सोडल्यावर हातीं एखादा हुन्नर असावा, या हेतूनें कित्येक विद्यार्थी वेल्डिंगच्या धंद्याकडे वळतात, आणि त्यांचे पालक पदरचे पैसे खर्चून यंत्र घेऊन देतात. परंतु लोखंडावर उत्तम चालणारें यंत्र अल्युमिनियमवर निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो. असें कां व्हावें, हें त्या धातूच्या स्वभावावरून कळतें.

इ. स. १८८६ मध्यें अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू यांनीं विजेच्या साहाय्यानें हा धातु काढण्याची रीति स्वतंत्रपणें शोधून काढली; त्यामुळें तो स्वस्त झाला व पुढें घरोघर पोंचला. हवा लागतांच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा चढतो. धातु सुमारें ६६० अंश सेंटिग्रेडवर वितळतो. पापुद्र्यास मात्र दोन हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणजे आंतील धातूचें पाणी झालें तरी वरचें कवच तसेंच राहतें, व दोन तुकडे एकजीव होत नाहींत. शिवाय हा धातु वितळण्यापूर्वीं लोखंडासारखा लाल होत नाहीं. नवख्यास पूर्वसूचना न मिळतां पत्र्यास एकदम भोंक पडतें.

पातळ पत्र्यास टिग यंत्र चांगलें. त्यांत टंगस्टनच्या कांडीपासून ठिणगीची ज्योत निघते व आर्गॉन वायु सांध्याचें हवेपासून रक्षण करतो. मात्र त्या यंत्रानें ए. सी. म्हणजे उलटसुलट वाहणारा प्रवाह दिला पाहिजे. प्रवाह एका दिशेनें वाहतांना पापुद्रा फुटतो व दुसऱ्या दिशेनें वाहतांना धातु तापतो. पुष्कळ स्वस्त टिग यंत्रें केवळ डी. सी. प्रवाह देतात, तीं पोलादास पुरतात, पण अल्युमिनियमच्या नेहमींच्या कामास नाहीं.

सुमारें तीन मिलिमीटरहून जाड व लांब सांध्यांस मिग यंत्र सोईचें. तें डी. सी. प्रवाहावरच चालतें. परंतु अल्युमिनियमची तार मऊ असल्यामुळें लांब नळींत गुंतते. म्हणून तारेचें रीळ हातांतील बंदुकीवरच बसविलेलें असावें. पोलादासाठीं वापरतात तो कार्बन डायॉक्साइडमिश्रित वायु येथें चालत नाहीं. शुद्ध आर्गॉनच हवा.

यंत्र कितीही चांगलें असलें तरी स्वच्छतेवांचून सांधा टिकत नाहीं. प्रथम तेलकटपणा काढावा, मग केवळ याच धातूसाठीं राखलेल्या स्टेनलेस ब्रशानें पृष्ठभाग घांसावा. ओल राहिल्यास सांध्यांत बारीक छिद्रें पडतात. डोळ्यांवर काळ्या कांचेचा मुखवटा घ्यावा. आर्गॉनला वास नसतो, आणि कोंडलेल्या जागेंत तो श्वासाची हवा हटवून प्राणघातक होतो. यास्तव खोली हवेशीर असावी.

पालकांनीं दुकानांत किंमत विचारण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे: काम किती जाड पत्र्याचें आहे, व टिग घेतल्यास तें ए. सी. देतें काय? यांचीं उत्तरें न मिळतील तर पैसे पदरींच ठेवावे. हें कसब मुलाच्या उपजीविकेचें साधन व्हावयाचें आहे. तें धातूच्या स्वभावाशीं जुळणाऱ्या यंत्रावरच साधेल.