घरचे वॉटरकलर: डबी विकण्याआधी एवढं करा

रंग कसा घोटायचा ते व्हिडिओत दाखवलंच आहे. प्रमाण आणि हिशोब मात्र लिहून घ्यायची गोष्ट, म्हणून इथे देतोय.

वॉटरकलरमध्ये मुळात दोनच गोष्टी असतात. रंगाची कोरडी पूड आणि ती कागदाला धरून ठेवणारा डिंक. सुरुवात गेरू आणि पिवळ्या मातीपासून करा. दोन्ही स्वस्त आहेत आणि उन्हात टिकतात. हळदीचा रंग सुंदर दिसतो, पण उन्हाने उडतो. हरताळात आर्सेनिक आणि हिंगुळात पारा असतो. त्यांना हातच लावू नका. कुठलीही पूड हाताळताना मास्क हवाच.

कृती: गम अरेबिक 1 भाग, गरम पाणी 2 भाग. रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. त्यात थोडं ग्लिसरीन आणि लवंग तेलाचे एक-दोन थेंब घाला. ग्लिसरीनमुळे वडी तडकत नाही, लवंग तेल बुरशी रोखतं. पूड आणि हे मिश्रण साधारण समान घेऊन काचेवर घोटा, खरखर पूर्ण जाईपर्यंत. छोट्या पॅनमध्ये दोन-तीन थरांत भरा. आधीचा थर वाळल्यावरच पुढचा.

तपासणी: कागदावर पट्टा ओढा, वाळू द्या, बोट फिरवा. पूड बोटाला लागली तर डिंक कमी पडलाय. पट्टा चकाकला, तडकला तर डिंक जास्त झालाय. प्रत्येक पुडीचं प्रमाण वेगळं निघतं, ते वहीत लिहा.

माझी पहिली बॅच ऐन पावसाळ्यात केली होती. लवंग तेल घातलं नाही आणि वड्या आतून ओल्या असतानाच डब्या बंद केल्या. पंधरा दिवसांत बुरशी! वीस जणांचे पैसे परत केले. तेव्हापासून नियम केला: प्रत्येक नवीन बॅच आधी महिनाभर माझ्याच टेबलावर राहते.

हिशोब: समजा 12 रंगांच्या सेटला सामान 150 रुपये, डबी-लेबल 90 आणि तुमचे 4 तास, ताशी 80 प्रमाणे 320. एकूण 560. "घरीच तर बनवलंय" म्हणून 300 ला विकलात, तर प्रत्येक सेटमागे 260 रुपये तुम्ही खिशातून घालताय. एका वेळी एकच रंग जास्त घोटला की काच धुण्याचा वेळ वाचतो, तासांचा खर्च खाली येतो. नफा तिथे आहे.

या आठवड्यात फक्त गेरू करा. एक रंग, पाच वड्या. वही उघडा आणि लागा कामाला!