मोंताल्चिनोचे धाकटे मद्य

इटलीच्या तोस्काना प्रांतात मोंताल्चिनो येथे सांजोव्हेजे या एकाच जातीच्या काळ्या द्राक्षांपासून दोन तांबडी मद्ये तयार होतात. त्यांपैकी ‘ब्रुनेल्लो’ किमान दोन वर्षे लाकडी पिंपांत मुरवावे लागते आणि द्राक्षांच्या तोडणीनंतर पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वी ते विकता येत नाही. इतका काळ भांडवल तळघरात अडकून पडणे लहान मळेवाल्यास जड जाते. १९८० च्या दशकात कायदेशीर मान्यता मिळालेले ‘रोस्सो’ मात्र तोडणीच्या पुढील वर्षीच १ सप्टेंबरपासून विक्रीस काढता येते. त्यात ब्रुनेल्लोचे गांभीर्य नसते. ताज्या चेरीची आठवण देणारा स्वाद, किंचित तुरटपणा आणि तुलनेने बेताची किंमत हे त्याचे गुण होत. थोरले मुरत असता घर चालविण्याचा भार हे धाकटे भावंडच वाहते.