कोठडीतली कडवी

स्पेनचा संत जॉन ऑफ द क्रॉस (१५४२–१५९१) हा कार्मेलाइट या ख्रिस्ती संघातला संन्यासी. त्याच संघातली संन्यासिनी संत तेरेसा हिच्याबरोबर संघाच्या सुधारणेत उतरला आणि डिसेंबर १५७७मध्ये स्वतःच्याच संघातल्या विरोधकांनी त्याला तोलेदोच्या मठात डांबलं. कोठडी जेमतेम दहा बाय सहा फूट. उजेडाला भिंतीत उंचावर एक फट. ‘आध्यात्मिक गीत’ या काव्याची पहिली ३१ कडवी इथलीच. ऑगस्ट १५७८मध्ये पांघरुणाच्या पट्ट्या एकमेकींना बांधून तो खिडकीतून उतरला, निसटला.

नंतरची ‘काळोखी रात्र’ अवघ्या आठ कडव्यांची. रात्री लपूनछपून प्रियकराला भेटायला निघालेल्या स्त्रीचं हे मनोगत, म्हणजे आपल्या विराणीच्या नात्यातलंच. देवाचं नावही त्यात नाही! या कवितेवर जॉनने सविस्तर भाष्य लिहायला घेतलं. ते तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशीच थांबलं.