आकृतीत न दिसणारं अंतर

१२ व्होल्टचे ५ व्होल्ट करायला आमच्या पिढीतला जो तो ७८०५ वरच शिकला. तीन पायांचा रेग्युलेटर, मागेपुढे एकेक कॅपॅसिटर, झालं काम. पण १ अँपिअर प्रवाह घेतला की ५ वॅट कामी येतात आणि मधल्या ७ व्होल्टचे ७ वॅट नुसते तापण्यात जातात. ३ अँपिअर हवे असतील तर २१ वॅट. एवढ्याला जो हीटसिंक लागतो, तो बाकीच्या सगळ्या बोर्डापेक्षा मोठा भरतो.

स्विचिंग रेग्युलेटर जास्तीचं व्होल्टेज जाळत नाही. त्यातला स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्या तुकड्यांना कॉईल आणि कॅपॅसिटर सपाट करतात. १२ चे ५ करायचे तर दर आवर्तनात साधारण ४२ टक्के वेळ स्विच चालू राहतो. बाकीच्या वेळात प्रवाह वाहता ठेवते ती कॉईल. शिवणयंत्राच्या पायट्यावरचा पाय उचलला तरी चाक फिरत राहतं, तशी ती साठवलेली ऊर्जा पुढे ढकलत राहते आणि डायोड तिला परतीची वाट देतो.

पल्सची रुंदी सांभाळणारं सगळं नियंत्रण १९७६ मध्ये एसजी १५२४ या चिपने एका तुकड्यात आणलं. पुढे नॅशनल सेमीकंडक्टरने स्विचही चिपच्या पोटात घातला. एलएम २५७५ हा १ अँपिअरचा, ५२ किलोहर्ट्झवर चालणारा. एलएम २५९६ हा ३ अँपिअरचा, १५० किलोहर्ट्झचा. ही कंपनी २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे गेली, पण २५९६ची छोटी निळी मोड्यूल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बुधवार पेठेत आजही दुकानोदुकानी मिळतात. १२ व्होल्ट आत, ५ व्होल्ट-३ अँपिअर बाहेर, अशा कामात ही चिप सुमारे ८० टक्के कार्यक्षमता देते. नव्या चिपमध्ये डायोडच्या जागी दुसरा मॉस्फेट असतो, त्यामुळे त्या बऱ्याच पुढे गेल्या आहेत. तरी शिकायला मला २५९६च आवडते. तिच्या चुका डोळ्यांना दिसतात.

कॉईलचा हिशेब प्रत्येकाने एकदा तरी हाताने करावा. ३३ मायक्रोहेन्री आणि १५० किलोहर्ट्झ धरले, तर १२ वरून ५ वर येताना कॉईलमधला प्रवाह दर आवर्तनात सुमारे ०.६ अँपिअरने वरखाली होतो. भार २ अँपिअर असेल तर शिखर २.३ अँपिअर. स्वस्त मोड्यूलवर बऱ्याचदा नकली चिप निघते आणि ती ५० किलोहर्ट्झच्या आसपास चालते. कॉईल तीच, वारंवारता तिसऱ्या हिश्शावर; म्हणजे चढउतार १.८ अँपिअरपर्यंत आणि शिखर २.९. छोटी कॉईल तिथे संपृक्त होते, तिचा विरोध ढासळतो आणि प्रवाह एकदम उसळतो. भार नसताना मोड्यूल व्यवस्थित आणि भार देताच तापायला लागलं, की मी आधी स्कोपवर वारंवारता मोजतो.

पण माझ्या हाताखालून गेलेल्या बिघाडांत आकडेमोड चुकलेले थोडे. बरेचसे बिघाड आकृतीत जे काढताच येत नाही त्यातले: अंतर, उष्णता, वय. आकृतीत आतल्या बाजूचा कॅपॅसिटर डावीकडे काढतात, म्हणून नवशिका बोर्डावरही तो डावीकडे, दूर बसवतो. खरं तर कॉईलमधला प्रवाह मऊ असतो. कॅपॅसिटर, स्विच आणि डायोड यांच्या वेटोळ्यात मात्र तो क्षणात शून्यावरून पूर्ण होतो. १ सेंटिमीटर ट्रॅकचं इंडक्टन्स सुमारे १० नॅनोहेन्री. १० नॅनोसेकंदांत ३ अँपिअर बदलले, तर त्या सेंटिमीटरवर ३ व्होल्टचा काटा उभा राहतो. म्हणून बोर्ड आखताना आधी हे वेटोळं आवळायचं, बाकीचं नंतर. मोजतानाही तेच. प्रोबची लांब ग्राउंड वायर अँटेना बनते आणि नसलेला गोंगाट दाखवते. टोकाशी छोटी स्प्रिंग लावली की निम्मी भुतं पळतात.

बाहेरच्या कॅपॅसिटरचंही तसंच. इलेक्ट्रोलायटिकला १० अंश जास्त उष्णता मिळाली की त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, आणि कॉईलला खेटून बसवलेला आधी फुगतो. त्याच्या जागी ‘चांगला’ म्हणून सिरॅमिक लावला तर २५९६ डोलायला लागते, कारण जुन्या कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध तिच्या स्थैर्याला हवा असतो.

एक बोर्ड अजून आठवतो. ट्रॅक्टरवरच्या मीटरचा, दुरुस्त होऊन पुन्हा बंद पडलेला. मल्टिमीटरवर ५ व्होल्ट अगदी बरोबर. बोट लावलं तर डायोडने चटका दिला. त्यावर १एन ५४०८ लिहिलेलं होतं. मूळचा १एन ५८२२ शॉट्की. दोघंही ३ अँपिअरचे, काळे, एकाच आकाराचे. बदलणाऱ्याची चूक मला समजू शकते. पण ५४०८ विजेच्या ५० हर्ट्झसाठी घडलेला. स्विच पुन्हा चालू होतो तेव्हा त्याचा दरवाजा अजून मिटलेला नसतो, आणि तेवढा वेळ बॅटरी सरळ ग्राउंडला जोडली जाते. सेकंदाला दीड लाख वेळा.

मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवला तर हे मिनिटभरात कळतं: शॉट्की ०.२ च्या आसपास दाखवतो, साधा ०.५ च्या वर. मी ५८२२ लावला आणि आतला कॅपॅसिटर पाय कापून चिपच्या अगदी जवळ आणला. ट्रॅक्टर चालू असताना बॅटरीची तार निसटली तर आल्टरनेटरचं व्होल्टेज २५९६च्या ४० व्होल्टच्या मर्यादेपलीकडे उडू शकतं, म्हणून समोर एक सर्ज सप्रेसर टाकला. दोन तास पूर्ण भारावर चालवून पाहिलं. डायोडवर आता बोट ठेवता येत होतं. झाकण बसवण्याआधी आतल्या बाजूला मार्करने लिहिलं, ‘डी १ शॉट्कीच लावणे’, आणि चारही स्क्रू आवळले.