पायाखाली खरंच उकळतंय का?

मागच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा करताना विषय भूकंपावर गेला. लातूरकडचं माहेर असलेल्या एक काकू म्हणाल्या, "ताई, खाली सगळा दगड वितळून उकळतोय म्हणतात. मग कर्ज काढून घर नीट करून काय उपयोग?" ही भीती बऱ्याच जणींच्या मनात आहे. म्हणून आज त्यावरच बोलू.

आपल्या संभाजीनगरकडचा दगड काळा. वेरूळचं कैलास लेणं ज्यात कोरलं, तोच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि थंड झाले, त्याचा हा कातळ. त्याच्या खाली मात्र फार जुना खडक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी बोअर घेतलं. सुमारे ३३८ मीटरवर काळा कातळ संपला आणि खाली अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा रूपांतरित खडक लागला. रूपांतरित म्हणजे उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला. कोयनेच्या खोल बोअरमध्ये अर्धवट वितळून पुन्हा थिजलेला खडकही मिळाला. त्याला मिग्मटाइट म्हणतात.

अर्धवट कसा वितळतो? चिक्की आठवा. कढई तापली की गूळ पातळ होतो, शेंगदाणे तसेच राहतात. खडकातही अनेक खनिजं असतात आणि सगळी एकाच वेळी वितळत नाहीत. जमिनीखाली वीस-तीस किलोमीटरवर उष्णता साडेसहाशे-सातशे अंशांच्या पुढे गेली, की गारगोटी आणि फेल्डस्पार यांचा भाग आधी पातळ होतो. अभ्रकासारख्या खनिजांत मुरलेलं पाणी सुटलं तर वितळणं आणखी सोपं होतं. हा पांढरट-गुलाबी रस फटींत साचतो, काळी खनिजं मागे राहतात. थिजल्यावर दगडात फिकट आणि काळे पट्टे दिसतात. रस बराच साचून वर सरकला, तर त्याचा ग्रॅनाइट होतो. नांदेडकडे देगलूर भागात काळा कातळ संपतो आणि ग्रॅनाइट, पट्ट्यांचे दगड उघड्यावर दिसतात.

म्हणजे काकूंनी ऐकलं ते घडलं होतं, पण कोट्यवधी वर्षांपूर्वी. आज आपल्या खालचा तो खडक घट्ट आहे. किल्लारीचा भूकंप दगड वितळल्याने झाला नाही. दाब साचून खडक भेगेवर अचानक सरकला, म्हणून जमीन हादरली.

आणि माणसं गेली ती मुख्यतः घरं कोसळून. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचा भार. म्हणून काकू, घरासाठीचं कर्ज वाया जाणार नाही. माळवदावरची जास्तीची माती उतरवा, भिंतींचे कोपरे सांधून घ्या, दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना काँक्रीटचा सलग पट्टा द्या. काम जाणकार गवंड्याकडूनच करून घ्या. पुढच्या बैठकीत कर्जाच्या अर्जांमध्ये हा विषय पहिला घेऊ.