छोट्या कपातला बदाम

कॉफीवर दुधाने काढलेला बदाम पाहिला की वाटतं, ज्याच्या हाताला वळण आहे त्यालाच हे जमत असणार. पण दूध नीट फेसाळलेलं नसेल, तर कितीही सराईत हात असला तरी नक्षी उमटत नाही. कोर्टाडोसारख्या छोट्या पेयात तर याचा कस लागतो. १५० मिलीच्या कपात दूध जेमतेम ९० मिली मावतं. ते काही सेकंदांत तापतं आणि चूक सुधारायला सवड देत नाही.

आधी कॉफी. १८ ग्रॅम पावडरीतून २५ ते ३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम एस्प्रेसो काढा. वर जो तपकिरी थर येतो तो क्रेमा. १९४८ मध्ये मिलानच्या आकिले गाज्जिया यांचं तरफेचं यंत्र बाजारात आलं आणि वाढलेल्या दाबामुळे हा थर कपात दिसू लागला. आपली नक्षी याच थरावर उमटते, म्हणून बिया ताज्या भाजलेल्या हव्यात. शिळ्या बियांचा क्रेमा विरळ असतो.

आता दूध. पिशवीचं दूध थेट फ्रिजमधून घ्या. तापवून ठेवलेलं असेल तर पूर्ण गार करा आणि साय गाळून टाका. जगही लहानच हवा, नाहीतर वाफेची नळी एवढ्याशा दुधात बुडतच नाही. नळीचं टोक पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवून वाफ सोडा. कागद फाटल्यासारखा आवाज दोन-तीन सेकंदच यायला हवा. तेवढ्यात पुरेशी हवा आत जाते आणि दुधातली प्रथिनं तिचे बारीक बुडबुडे धरून ठेवतात. लगेच टोक थोडं खाली न्या आणि जग कलता धरा, म्हणजे दुधात भोवरा फिरेल. मोठे बुडबुडे त्यात फुटतात. जगाच्या बुडाला तळहात टेकवेनासा झाला की वाफ बंद करा. दूध तेव्हा ५५ ते ६० अंशांवर असतं. ७० च्या पुढे गेलं तर गोडवा जातो आणि उकळल्याचा वास येतो. नळी तेव्हाच ओल्या फडक्याने पुसा. जग ओट्यावर हलकेच आपटून गोल फिरवा. दुधाला ओल्या ऑइलपेंटसारखी चकाकी आली की ते तयार झालं.

कप तिरका धरा. चार बोटं उंचीवरून बारीक धार सोडली की दूध क्रेमाखाली जातं. कप निम्मा भरल्यावर जगाची चोच पृष्ठभागाला जवळजवळ टेकवा आणि धार वाढवा. आता हलका फेस वर तरंगतो, पांढरा गोल पसरतो. कप हळूहळू सरळ करत जा. भरत आला की जग वर उचला आणि बारीक धारेने गोलाच्या मधून पलीकडे रेघ ओढा. अलीकडची कड आत खेचली जाते, पलीकडे टोक येतं आणि बदाम तयार होतो.

गोल उमटलाच नाही, तर चोच उंच राहिली किंवा हवा कमी पडली. फेसाचा गोळा बदकन पडला, तर हवा जास्त झाली.

दूध वाया न घालवता सराव करायचा तर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. फेस बराचसा तसाच येतो. नंतर जग आणि नळी मात्र स्वच्छ धुवा. पहिला आठवडा बदामाच्या मागे लागू नका, दुधाच्या चकाकीकडे लक्ष द्या. ती रोज साधू लागली की आकार आपोआप येतो, आणि तोवरची वेडीवाकडी कॉफीसुद्धा चवीला उत्तमच लागते.